अपडेट चालू असताना लाइट गेली आणि रोबोचा कंट्रोलर गप्प झाला. फर्मवेअर परत टाकता येईल का?

दांडियाबाजार_रविवार

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही काही पालक मिळून रविवारी मुलांचा रोबोटिक्सचा वर्ग चालवतो. सातवी ते दहावीची मुलं आहेत. वर्षभर खपून त्यांनी एक गाडी केली आहे: खाली चार चाकं, वर चार सांध्यांचा हात. ती चालवायला एक तयार कंट्रोलर बोर्ड घेतला होता. बनवणाऱ्यांनी ते मॉडेल आता बंद केलंय आणि मेलला उत्तर येत नाही.

परवा त्या बोर्डावर फर्मवेअरचं (बोर्डाच्या आत बसवलेल्या प्रोग्रामचं) अपडेट चालू होतं. निम्म्याच्या वर गेलं असेल, तेवढ्यात पावसात गल्लीची लाइट गेली आणि डेस्कटॉप बंद पडला. तेव्हापासून बोर्ड गप्प आहे. लाल एलईडी लागतो. हिरवा आधी सतत लुकलुकायचा, तो लागतच नाही. यूएसबी लावल्यावर कॉम्प्युटरचा नेहमीचा आवाज येत नाही. रीसेट दाबून काही फरक पडत नाही. दुरुस्तीवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, ब्रिक झालाय (विटेसारखा निकामी), नवा घ्या.

पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून जिवाला लागलंय ते वेगळंच. हाताच्या प्रत्येक सांध्याचं शून्य मुलांनी कोनमापक लावून ठरवलंय आणि ती मापं बोर्डातच सेव्ह आहेत. बाहेर काढायची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. बोर्ड उठेल का, आणि मापं वाचतील का?

चिपवर एसटीएम३२एफ४०७व्हीजीटी६ असं छापलंय. अपडेटची बिन फाइल आमच्याकडे आहे.

स्पॅनर_दहा_अकरा

आधी केबल बदलून बघा. चार्जिंगच्या पुष्कळ केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. आणि मल्टिमीटर असेल तर ३.३ व्होल्टची लाइन मोजा. लाल एलईडी बऱ्याच बोर्डांवर ५ व्होल्टवर असतो, त्यामुळे तो लागला म्हणजे चिपपर्यंत वीज पोचली असं होत नाही.

दांडियाबाजार_रविवार

केबल तीच आहे, तिच्यावरून दुसरा बोर्ड व्यवस्थित चालतोय. ३.३ ची लाइन मोजली, ३.२९ येतात.

मकरपुरा_दुसरी_शिफ्ट

मग चिप शाबूत असावी. ताई, घाबरू नका. मी मकरपुरा जीआयडीसीत पॅनल आणि कंट्रोलरचंच काम करतो. माझ्याकडे एसटी-लिंक आहे, चिपला थेट जोडून वाचायचं-लिहायचं यंत्र. चार तारा लावायच्या, फुल चिप इरेज मारायचं (म्हणजे अख्खी चिप पुसायची), फर्मवेअर टाकायचं. दहा मिनिटांचं काम. रविवारी घेऊन या किंवा मी येतो.

सूक्ष्मदर्शी

इरेज मारू नका. कृपा करून कोणीही इरेज मारू नका.

ताईंनी मापांबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा. एफ४०७ मध्ये वेगळा ईईप्रॉम (सेटिंग्ज जपायची छोटी मेमरी) नसतो. सेटिंग्ज जपायच्या असतील तर बोर्ड बनवणारे फ्लॅशच्याच, म्हणजे प्रोग्राम ठेवायच्या आतल्या मेमरीच्याच, एखाद्या सेक्टरमध्ये (कप्प्यात) लिहितात. म्हणजे मुलांची मापं आणि फर्मवेअर एकाच १ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये आहेत. बाहेर वेगळी मेमरी चिप बसवली असेल तर गोष्ट निराळी, पण बोर्डावर आठ पायांची तशी चिप दिसत नसेल तर मापं आतच आहेत असं धरा. फुल इरेजने ती मापं जातील.

आता मुळापासून सांगतो, कारण बोर्ड "मेला" म्हणजे नक्की कुठला थर मेला हे कळल्याशिवाय हात लावणं बरोबर नाही.

या चिपमध्ये तीन थर समजा. सगळ्यांत खाली एसटी कंपनीने कारखान्यात भरलेला बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत भरून घेणारा छोटा प्रोग्राम. तो सिस्टम मेमरीत बसतो, पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या आकडेपद्धतीत) १एफएफएफ ००००. तो पुसता येत नाही. लाइट गेली, अपडेट फसलं, काहीही झालं तरी तो असतोच. त्याच्या वर, फ्लॅशच्या सुरुवातीला म्हणजे ०८०० ०००० वर, बोर्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा छोटा बूटलोडर. यूएसबीवरून अपडेट घेतो तो हा. आणि त्याच्या पुढे मुख्य प्रोग्राम, ज्याने चाकं आणि हात हलतात. तुमचं अपडेट तिसऱ्या थरावर चालू होतं. त्यामुळे खालचे दोन थर धड असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

पहिलं काम वाचायचं. अख्खी फ्लॅश जशी आहे तशी फाइलमध्ये उतरवून घ्या. लिहिणं त्यानंतर.

मकरपुरा_दुसरी_शिफ्ट

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण कारखान्यात आम्ही फुल इरेजच करतो आणि त्याला कारण आहे. अर्धवट जुना कचरा राहिला तर मशीन उद्या मध्येच काय करेल सांगता येत नाही. लाइनवर माणसं उभी असतात.

सूक्ष्मदर्शी

तुमच्या जागी तुमचं बरोबर आहे, कारण तुमच्याकडे पॅरामीटरची प्रत सर्व्हरवर असते. इथे प्रत नाही. एकदा डम्प (फ्लॅशची ती उतरवलेली फाइल) हातात आला की मीही म्हणेन, हवं तर सगळं पुसा.

एक आणखी. वाचायचा प्रयत्न केल्यावर "रीड प्रोटेक्शन" (वाचायला बंदी) असा संदेश आला तर तिथेच थांबा. लेव्हल १ चं संरक्षण काढून लेव्हल ० वर आणलं की चिप स्वतःहून अख्खी फ्लॅश पुसते, तशी तिची रचनाच आहे. सॉफ्टवेअर एक साधा प्रश्न विचारतं आणि माणूस "यस" दाबून मोकळा होतो. लेव्हल २ असेल तर एसटी-लिंकही आत शिरू शकत नाही, आणि ती परत उतरवता येत नाही.

कलाभवन_तिसरं_वर्ष

ताई, एसटी-लिंक नसलं तरी कारखान्यातल्या त्या बूटलोडरला यूएसबीवरूनच जागं करता येतं. बोर्डावर "बूट०" लिहिलेला जंपर किंवा बटण शोधा. तो पाय ३.३ व्होल्टला जोडायचा, बूट१ (एफ४०७ वर तो पीबी२) ग्राउंडला राहू द्यायचा, मग रीसेट. चिप फ्लॅशमध्ये न जाता सिस्टम मेमरीतून सुरू होते आणि कॉम्प्युटरला डीएफयू यंत्र (यूएसबीवरून फर्मवेअर घेणारं) म्हणून दिसते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "एसटीएम३२ बूटलोडर" असं नाव येतं, ओळख क्रमांक ०४८३ आणि डीएफ११. एसटीचं क्यूबप्रोग्रामर फुकट मिळतं, ते टाकून ठेवा. लिनक्सवर डीएफयू-यूटिल.

सूक्ष्मदर्शी

+१. फक्त त्याआधी मोटरची बॅटरी काढा. बूटलोडरमध्ये असताना चिपचे बहुतेक पाय मोकळे तरंगत असतात. मोटर ड्रायव्हरचा एनेबल (चालू करायचा) पाय वर ओढला गेला तर हात झटका देऊन फिरेल, आणि मुलं जवळ वाकून बघत असणार. हाताखाली पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, कारण वीज काढली की सर्वो धरून ठेवत नाहीत. बोर्ड नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालू द्या.

दांडियाबाजार_रविवार

बूट० चा जंपर सापडला. बॅटरी काढली, हात टेकवून ठेवला. जंपर लावला, रीसेट दाबलं. कॉम्प्युटरवर काहीच आलं नाही. दुसरं पोर्ट, दुसरा लॅपटॉप, तेच.

स्पॅनर_दहा_अकरा

क्रिस्टल (चिपला घड्याळाचे ठोके देणारा भाग) बघा. एफ४ मध्ये डीएफयूला बाहेरचा क्रिस्टल लागतो, आतल्या घड्याळावर यूएसबी चालत नाही.

कलाभवन_तिसरं_वर्ष

क्रिस्टल याच बोर्डावर कालपरवापर्यंत चालत होता, यूएसबी त्याच्यावरच चालायचं. ताई, बोर्डाला अजून काय काय जोडलेलं आहे? सिरियलवर काही आहे का?

दांडियाबाजार_रविवार

एक जायरो मॉड्यूल आहे, गाडी सरळ जातेय का ते बघायला. त्याच्या चार तारा "यूएआरटी ३" लिहिलेल्या सिरियल सॉकेटमध्ये आहेत. तो सतत डेटा पाठवत असतो.

कलाभवन_तिसरं_वर्ष

सापडलं मग! तो काढा आणि पुन्हा करा.

कारण असं की कारखान्यातला बूटलोडर फक्त यूएसबीकडे बघत नसतो. यूएआरटी १ (पीए९, पीए१०), यूएआरटी ३ (पीबी१०, पीबी११ किंवा पीसी१०, पीसी११), कॅन २ आणि यूएसबी, सगळीकडे एकदम कान देऊन असतो, आणि जिथे आधी हालचाल दिसेल त्याच वाटेला चिकटतो. जायरो बडबड करत असेल तर बूटलोडर त्यालाच मालक समजून त्याची भाषा लावत बसतो. मग यूएसबीकडे तो वळतच नाही. ड्रोनवाल्यांना हा अनुभव रोजचा आहे: जीपीएस किंवा रिसीव्हर काढल्याशिवाय डीएफयू येत नाही.

दांडियाबाजार_रविवार

आला!! जायरो काढला, रीसेट दाबलं आणि लगेच आवाज आला. "एसटीएम३२ बूटलोडर" दिसतोय. मुलांना अजून सांगितलेलं नाही, आधी सगळं होऊ दे. आता वाचायचं कसं ते सांगा, मी कशालाच हात लावलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

क्यूबप्रोग्रामरमध्ये उजवीकडे यूएसबी निवडा, कनेक्ट दाबा. वर पत्त्याच्या चौकटीत ०८०० ०००० आणि आकाराच्या चौकटीत १० ०००० टाका (दोन्ही हेक्समध्ये, मधली जागा सोडून, पुढे शून्य आणि इंग्रजी एक्स). रीड दाबा, मग सेव्ह ॲज. फाइल बरोबर १०,४८,५७६ बाइटची झाली पाहिजे. हेच पुन्हा एकदा करून दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघा. दोन्ही सारख्या निघाल्या की एक पेनड्राइव्हवर टाका आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरपासून काढून ठेवा.

दांडियाबाजार_रविवार

वाचलं गेलं, रीड प्रोटेक्शनचा संदेश नाही. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या. फोटो टाकते आहे, मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही, पण तुम्ही बघा.

सूक्ष्मदर्शी

ताई, फोटो स्पष्ट आहेत, आणि सगळी हकीकत त्यात लिहिलेली आहे. सावकाश सांगतो. मुलांनाही दाखवा, त्यांना हे आवडेल.

पहिला फोटो, ०८०० ०००० पासून. भरलेला आहे. बोर्डवाल्याचा बूटलोडर जागेवर आहे.

दुसरा, ०८०० ८००० पासून. पहिले आठ बाइट बघा: ०० ८० ०१ २०, मग ८९ ८१ ०० ०८. ही चिप आकडे उलट्या क्रमाने ठेवते, धाकटा बाइट आधी. उलटून वाचा: २००१ ८००० आणि ०८०० ८१८९. कॉर्टेक्स-एम जातीच्या प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात अशीच असते. पहिले चार बाइट म्हणजे स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची चळत) कुठून सुरू करायचा तो रॅममधला पत्ता, आणि रॅम २००० ०००० पासून सुरू होते. पुढचे चार म्हणजे प्रोग्रामचा पहिला हुकूम कुठे आहे तो पत्ता. शेवटचा आकडा विषम आहे ना? तो थम्ब सूचनांची (या चिपच्या हुकमांच्या भाषेची) खूण म्हणून विषमच असतो.

आता तुमची अपडेटची बिन फाइल कुठल्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. तिचे पहिले आठ बाइट हेच असतील तर दोन गोष्टी सिद्ध होतात. फाइल याच बोर्डाची आहे, आणि ती ०८०० ८००० वर बसायची आहे. बिन फाइलच्या पोटात पत्ता नसतो, हेक्स फाइलच्या असतो. बिन टाकताना सॉफ्टवेअर स्वतःहून ०८०० ०००० सुचवतं आणि पुष्कळ लोक ते तसंच राहू देतात. तसं केलं तर मधल्या थरातला बूटलोडर पुसला जातो, आणि प्रोग्राम चुकीच्या जागी बसल्यामुळे तोही चालत नाही.

तिसऱ्या फोटोत ०८०२ ९००० च्या पुढे नुसते एफएफ एफएफ. पुसलेली फ्लॅश एफएफच वाचते. म्हणजे लाइट गेली ती या ठिकाणी.

मग बोर्ड अजिबात का बोलत नव्हता? मधला बूटलोडर धड आहे, त्याने अपडेट मागायला हवं होतं. माझा अंदाज असा: एसटीच्या नमुना कोडमध्ये बूटलोडर उडी मारण्याआधी एवढंच तपासतो की पहिले चार बाइट रॅमच्या पत्त्यासारखे दिसतात का. पुष्कळ बोर्डवाले तो कोड जसाच्या तसा उचलतात. दारावर पाटी आहे म्हणजे घरात माणूस आहे असं धरून चालण्यासारखं ते आहे. पहिले बाइट नीट लिहिले गेले होते, म्हणून त्याने अर्ध्या प्रोग्राममध्ये उडी मारली आणि पुढे एफएफमध्ये जाऊन अडकला. अख्ख्या प्रोग्रामचा सीआरसी (सगळे बाइट ठीक आहेत का ते सांगणारा ताळा) तपासला असता तर तुमची इतकी घालमेल झालीच नसती. मला या बेफिकिरीचा फार राग येतो. दोन ओळींचं काम असतं.

आणि चौथा फोटो, ०८०ई ००००. हा सेक्टर ११, शेवटचे १२८ किलोबाइट. सगळीकडे एफएफ, आणि सुरुवातीला चार ओळी भरलेल्या. त्या मुलांच्या मापांच्या असाव्यात.

दांडियाबाजार_रविवार

वाचून डोळ्यांत पाणी आलं. बिन फाइलचे पहिले आठ बाइट अगदी हेच आहेत. फाइल २१२ किलोबाइटची आहे.

मकरपुरा_दुसरी_शिफ्ट

काका, सुंदर. २१२ म्हणजे ०८०० ८००० पासून सेक्टर २, ३, ४ आणि ५ मध्येच बसते (१६, १६, ६४, १२८, मिळून २२४). सेक्टर ११ ला धक्काच लागत नाही. ताई, क्यूबप्रोग्रामरच्या प्रोग्रामिंगच्या पानावर स्टार्ट ॲड्रेस ०८०० ८०००, "व्हेरिफाय" वर खूण, आणि फुल चिप इरेजच्या खुणेला हात लावू नका. ते लागतील तेवढेच सेक्टर पुसतं. डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपवरून करा, बॅटरी भरलेली असू द्या. मी रविवारी तसाही गावात आहे, एसटी-लिंक घेऊन येतो. काही अडलं तर पीए१३, पीए१४, ग्राउंड आणि रीसेटच्या तारा लावून आत शिरू.

सूक्ष्मदर्शी

त्याआधी डम्पमधले शेवटचे १२८ किलोबाइट वेगळ्या फाइलमध्ये कापून ठेवा. नव्या आवृत्तीने जुन्या मापांची मांडणी ओळखली नाही तर ती पहिल्या सुरुवातीलाच त्यावर आपली डीफॉल्ट मापं लिहू शकते. तसं झालं तर तो तुकडा ०८०ई ०००० वर परत लिहिता येईल.

निशिगंधा_रावपुरा

मी आपली नुसती वाचत होते, माझा मुलगा या वर्गात येतो. एवढं मनापासून सगळे सांगताय, फार बरं वाटलं. रविवारी सेव-उसळ माझ्याकडून.

दांडियाबाजार_रविवार

मंडळी, झालं. मुलांसमोरच केलं. एकीने पत्ता मोठ्याने वाचला, दुसऱ्याने टाइप केला, तिसऱ्याने ताडून पाहिला. व्हेरिफाय पूर्ण झालं. जंपर काढला, रीसेट दाबलं, आणि हिरवा एलईडी लुकलुकायला लागला. वाड्यात इतका आरडाओरडा झाला की वरचे आजोबा खाली आले.

मोटरची बॅटरी लगेच लावली नाही. आधी सॉफ्टवेअरमध्ये मापं उघडून पाहिली. चारही सांध्यांची आहेत. मग बॅटरी लावली, खांद्याला ९० अंश सांगितले, कोनमापक लावला, बरोबर ९० वर उभा राहिला. मनगटही जागेवर. जायरो परत जोडला, तोही चालतोय. मकरपुऱ्याचे दादा एसटी-लिंक घेऊन आले होते. लागली नाही, पण त्यांनी मुलांना त्याच तारा लावून चिप वाचून दाखवली, आणि आता प्रत्येकाला स्वतःच्या हाताने डम्प काढायचा आहे.

सूक्ष्मदर्शी

काढू द्या. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हाताने काम शिकता यावं म्हणूनच. मुलांनी वहीत बोर्डाचा पत्त्यांचा नकाशा काढून ठेवावा: कुठून कुठपर्यंत काय आहे. मापं बदलली की नवा डम्प, फाइलच्या नावात तारीख.

इंदूर_रामबाग

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे स्वतःच्या तोलावर उभा राहणारा दोन चाकांचा रोबो आहे, त्यावर निळा छोटा एफ१०३ चा बोर्ड. तोही असाच अडकलाय. बूट० वर करून यूएसबी लावलं, सिरियलवर काहीही जोडलेलं नाही, तरी डीएफयू येत नाही.

कलाभवन_तिसरं_वर्ष

एफ१०३ च्या सिस्टम मेमरीतल्या बूटलोडरला यूएसबी येतच नाही, त्यामुळे कितीही केलंत तरी दिसणार नाही. त्याला यूएआरटी १ च लागतो. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर घ्या, पीए९ ला त्याचा आरएक्स, पीए१० ला टीएक्स, ग्राउंड ग्राउंडला. पॅरिटी "इव्हन" ठेवा, ही गोष्ट लोक विसरतात आणि मग उत्तर येत नाही. क्यूबप्रोग्रामरमध्ये यूएआरटी निवडलं की ते ७एफ हा बाइट पाठवतं, चिपने उलट ७९ पाठवला की जोडणी झाली.

इंदूर_रामबाग

जेल रोडवरून ॲडॉप्टर आणला. पॅरिटी इव्हन केल्याबरोबर कनेक्ट झालं. रीड लावलंय, तोल सांभाळायच्या पीआयडीचे आकडे त्यातच आहेत माझे.